मिस्ड कॉल ते अंधार

नागोराव मामांच्या शर्टाच्या खिशातला फोन एकदाच वाजून थांबला. त्यांनी तो बाहेर काढूनही पाहिला नाही. दाराजवळच्या खिळ्यावरची पितळी घंटा उचलून जोरजोराने हलवली आणि संगणक कक्षात डोके घालून ते ओरडले, "लाईट चालली! सेव्ह करा, सेव्ह करा!"

पुढच्या रांगांतल्या मुलींची बोटे कळफलकावर धावली. मागच्या रांगेतला व्यंकट सूर्यवंशी मात्र खुर्चीत रेलून पंख्याकडे पाहत राहिला. थोड्याच वेळात पंखा मंदावला, पडदे काळे झाले आणि खोलीभर मशीन बंद पडल्याचा तो उतरता सूर पसरला.

त्या वर्षांत आमच्या भागात लोडशेडिंग होते. मांजरा नदीच्या खोऱ्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात दुपारची वीज नेमाने जात असे, मात्र तिची नेमकी वेळ कोणालाच सांगता येत नसे. महाविद्यालयाने यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. नागोराव मामा शिपाई होते आणि त्यांचा मेव्हणा वीज उपकेंद्रात ऑपरेटर होता. खटका ओढण्याआधी तो मामांना मिस्ड कॉल देई, मामा घंटा वाजवत आणि विद्यार्थी काम साठवत. या व्यवस्थेचा सर्वांना अभिमान होता. बॅटऱ्या फुगून निकामी झालेल्या यूपीएसची उणीव मामांच्या मेव्हण्याने भरून काढली आहे, असे प्राचार्य पाहुण्यांना सांगत.

मी तेथे भौतिकशास्त्र शिकवत होते. पर्यावरणाचा सक्तीचा विषयही माझ्याच गळ्यात पडला होता, कारण तो घ्यायला दुसरे कोणी तयार नव्हते. त्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या गावातल्या विहिरींची पाहणी करून अहवाल टंकलिखित करायचा होता.

संध्याकाळी वीज आली तेव्हा शिवकन्या केंद्रे माझ्याकडे धावत आली. "मॅडम, माझ्या विहिरी गेल्या."

"किती गेल्या?"

"सगळ्याच. फाईल दिसायलीय, पण उघडली की कोरी."

कोरी फाईल तिची एकटीची नव्हती. पुढच्या दोन्ही रांगांतल्या बहुतेकींची तीच गत होती. मागच्या रांगेतल्यांचे अहवाल मात्र सुखरूप होते. ते अपुरे होते, अशुद्ध होते, पण जागेवर होते. असे त्या पंधरवड्यात यापूर्वीही घडले होते, कधी थोड्यांचे, कधी पुष्कळांचे. प्रत्येक वेळी नुकसान अभ्यासू मुलींचे झाले होते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य सोळुंक्यांनी मला बोलावले. त्यांच्या समोर संगणक कक्षाचे प्रमुख शफीक मुजावर उभे होते. बसायला खुर्ची असतानाही उभे होते, यावरून बैठकीचा रोख कळत होता.

"या मॅडम," प्राचार्य म्हणाले. "मुजावरांनी काय करून ठेवलंय ते तुम्हाला ठाऊक आहेच. चांगली विकतची प्रणाली पुसली आणि हे फुकटचं टाकलं. आणि फुकटचं टाकलं ते टाकलं, त्यातही अर्धं शिजलेलं. मशीन सुरू केलं की तेच सांगतंय, ही चाचणी आवृत्ती आहे, महत्त्वाच्या कामासाठी वापरू नये. विडीच्या बंडलावर असतो तसा इशारा आहे तो!"

"सर, जुन्या प्रणालीत मराठी येत नव्हतं," मुजावर सर हळू आवाजात म्हणाले. "कुणीही फुकट घ्यावी, सुधारावी अशा या मुक्त प्रणालीच्या मागच्या आवृत्तीतही जोडाक्षरं फुटायची. या नव्या आवृत्तीत पहिल्यांदा नीट दिसू लागली. ही तयार व्हायला अजून अवकाश आहे, पण पोरांचे अहवाल याच वर्षीचे आहेत."

"आणि ते अहवाल गेले कुठं?"

प्राचार्य उत्तरासाठी थांबले नाहीत.

"हे बघा उटगे मॅडम," प्राचार्य माझ्याकडे वळले. "संस्थेच्या सचिवांचं म्हणणं आहे, रविवारी त्यांचा माणूस येईल, सगळं पुसून जुनं टाकेल, आणि लॅबचा चार्ज मुजावरांकडून काढून घ्यायचा. मला वाटतं यात त्या व्यंकटच्या टोळीचाही हात आहे. बरोबर त्यांच्याच फाईली कशा वाचतात? शनिवारपर्यंत चौकशी करून मला कारण सांगा. सापडलं तर सचिवांशी बोलतो, नाही तर माझा नाइलाज आहे."

"मीच का?"

"तुम्ही कशावरच विश्वास ठेवत नाही. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा वास घेऊन खाता."

बाहेर आल्यावर मुजावर सर म्हणाले, "चार्ज गेला तर जाऊ द्या, मॅडम. मी परत गणिताचे तास घेईन. पण या पोरींनी मशीनवर आपल्या भाषेत पहिल्यांदाच काही लिहिलं. रविवारी ते पुसलं की पुन्हा इंग्रजीची भीती आणि पुन्हा कोरी पानं."

मला त्यांच्या प्रणालीविषयी ममत्व नव्हते. फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडे मी संशयाने पाहते आणि विकत मिळणाऱ्या गोष्टीकडे त्याहून थोड्या अधिक संशयाने.

प्रथम व्यंकटला बोलावले. तो दाराशी उभा राहून केस नीट करत होता.

"पुढच्या रांगेतल्या फाईली तू खोडल्यास का?"

"मॅडम, मी माझंच सेव्ह करीत नाही, दुसऱ्याचं खोडायला कशाला उठू?"

"घंटा झाली तरी सेव्ह करत नाहीस?"

"घंटा झाली की मी आराम करतो. लाईट जाणार म्हणजे सुट्टीच की. आधी कधीतरी केलेलं असतंय तेवढं बास."

हे उत्तर उर्मट होते, पण मला ते फार उपयोगी पडले. मी वर्गात गेले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: काल घंटा झाल्यावर तू काम साठवलेस का? ज्यांनी साठवले त्यांच्या फाईली कोऱ्या होत्या. ज्यांनी साठवले नाही त्यांच्या शाबूत होत्या. प्रथम अपवाद वाटली ती एकटी सुरेखा मुंडे. ती आज्ञाधारक होती, तरी तिची फाईल वाचली होती. अधिक विचारल्यावर कळले की ती घंटेच्या वेळी पाणी प्यायला बाहेर गेली होती.

मुजावर सरांना मी हे सांगितले तेव्हा ते प्रथम हसले आणि मग एकदम गंभीर झाले.

"म्हणजे साठवल्यामुळं गेलं?"

"साठवल्यामुळे की साठवल्यावर लगेच वीज गेल्यामुळे, ते अजून ठाऊक नाही. तुमची ही आवृत्ती साठवते म्हणजे नेमके काय करते?"

त्यांनी खडू घेतला. "समजा, फाईल म्हणजे पाटी. आपण पुन्हा साठवायला सांगितलं की ही आधी पाटी पुसते. नवा मजकूर मात्र लगेच लिहीत नाही, थोडा वेळ डोक्यात धरून ठेवते आणि मग सगळं एकदम लिहिते. त्यामुळं काम वेगात होतं. मागची आवृत्ती एवढा वेळ थांबत नव्हती. हा वेग म्हणजे या आवृत्तीचं मोठं कौतुक आहे."

"आणि पाटी पुसली आहे, पण लिहिणे झालेले नाही, अशा क्षणी वीज गेली तर?"

खडू त्यांच्या हातातच राहिला. "मामांचा मिस्ड कॉल," ते म्हणाले.

आमच्या अभिमानाची व्यवस्था दररोज सगळ्या वर्गाला नेमक्या त्याच फटीत आणून उभी करत होती. पण ही अटकळ होती, आणि अटकळीवर मी कोणाचा चार्ज वाचवणार नव्हते.

दुपारनंतर वीज आल्यावर आम्ही वर्ग भरवला. पहिल्या रांगेने वीज जाण्याच्या अगदी आधी साठवायचे, दुसरीने त्याच्या थोडे आधी, तिसरीने बरेच आधी, आणि चौथीने काहीच करायचे नाही. चौथीसाठी व्यंकट आपणहून पुढे आला. कोपऱ्यातल्या एका मशीनवर मुजावर सरांनी मागची आवृत्ती टाकली; तिथेही अगदी शेवटी साठवायचे होते. मुख्य खटका खाली ओढायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी हात मागे घेतला.

"माझ्याच्यानं होणार नाही, मॅडम. पहिल्या दिवशी आम्ही पोरांना हेच शिकवतो, चालू मशीनची वीज तोडायची नाही."

"वीज मंडळ तोडते तेव्हा तुम्ही त्यांना शिकवायला जाता का?"

खटका मी ओढला. फाईली उघडण्याआधी फळ्यावर माझा अंदाज लिहिला, कारण निकाल पाहिल्यावर सांगितलेल्या अंदाजाला किंमत नसते. पहिली रांग कोरी निघाली. दुसरीतल्या काही कोऱ्या, काही शाबूत. तिसरी शाबूत, चौथी शाबूत, कोपऱ्यातले मशीनही शाबूत. रांगांची अदलाबदल करून आम्ही पुन्हा तेच केले. निकाल मशीनबरोबर राहिला नाही, साठवण्याच्या वेळेबरोबर गेला.

"म्हणजे मॅडम," व्यंकट मागून म्हणाला, "आळस बरोबर होता म्हणा की."

"या एका आवृत्तीपुरता," मी म्हणाले. वर्ग हसला. शिवकन्या हसली नाही. तिच्या विहिरी परत येणार नव्हत्या. कच्च्या नोंदींवरून ती त्या पुन्हा टंकलिखित करत होती.

प्राचार्यांनी सगळे ऐकून घेतले. "कारण सापडलं, छान झालं. पण त्याचा उपयोग काय? विकतच्या मालाची दुकानदाराकडं तक्रार करता येते. फुकट घेतलेल्या वस्तूची तक्रार कुणाकडं करणार?"

"बनवणाऱ्यांकडे, सर," मुजावर म्हणाले. "चाचणी आवृत्ती असते तीच त्यासाठी. मी गेल्या आठवड्यात कळवलंही होतं."

"मग?"

"आमच्याकडं असं घडत नाही, असं उत्तर आलं. तक्रार बंद केली."

प्राचार्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की पुढे बोलायची गरज उरली नाही.

मी ती तक्रार पाहायला मागितली. जगभरच्या स्वयंसेवकांचे मनःपूर्वक आभार, आमच्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयाला मिळालेली अमूल्य देणगी, आमच्या अल्प ज्ञानाबद्दल क्षमा, आणि अगदी शेवटी, काही फाईली कोऱ्या होतात, बहुधा आमचीच चूक असावी.

"सर, ही तक्रार आहे की आभाराचे भाषण?"

"एवढी मोठी माणसं, मॅडम. त्यांना एकदम कसं सांगायचं, तुमचं चुकलंय म्हणून?"

"चुकले आहे की नाही?"

"चुकलंय."

"मग तेवढेच लिहू."

नवी तक्रार मी सांगितली आणि त्यांनी टंकलिखित केली. काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले, रांगांचे निकाल, अदलाबदलीनंतरचे निकाल, मागच्या आवृत्तीशी तुलना. तीत एकही विशेषण नव्हते. उत्तर येईल असे मला वाटत नव्हते, आणि तसे मी त्यांना सांगितलेही.

दुसऱ्या दिवशी मुजावर सर माझ्या तासाच्या मध्येच दारात येऊन उभे राहिले. चालू तासात ते असे आल्याचे मला आठवत नव्हते. उत्तर बनवणाऱ्यांपैकी एल्के नावाच्या बाईंचे होते. त्या कोणत्या देशातल्या, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. बंद केलेली तक्रार त्यांनी पुन्हा उघडली होती. तुमच्या तक्त्यावरून चूक कुठे असावी ते दिसते आहे, असे त्यांनी लिहिले होते. पुढे एक प्रश्न होता: इतक्या मशीनची वीज एकाच क्षणी आणि इतक्या नियमितपणे तोडण्यासाठी तुम्ही कोणते उपकरण वापरता?

"काय लिहू?" मुजावर सरांनी विचारले.

"खरे लिहा."

"मामांचा मेव्हणा असं लिहू?"

"उपकेंद्रातील ऑपरेटर असे लिहा. मिस्ड कॉल समजावून सांगा."

त्यांनी समजावून सांगितले. शुक्रवारी एल्केबाईंचे उत्तर आले, सोबत दुरुस्ती होती. आमच्यापैकी कोणाच्याही घरी वीज अशी जात नाही आणि बहुतेकांच्या मशीनला स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे हे आम्हाला कधी दिसलेच नसते, असे त्यांनी लिहिले होते. उद्या तुमची वीज गेल्यावर ही दुरुस्ती टिकते का ते कळवाल का? आम्ही वाट पाहतो आहोत.

शनिवारी प्राचार्य स्वतः कक्षात आले आणि पुढची खुर्ची घेऊन बसले. अर्ध्या मशीनवर दुरुस्ती टाकली होती, अर्धी तशीच ठेवली होती. कोणते मशीन कोणत्या प्रकारचे, हे फक्त मुजावर सरांना ठाऊक होते आणि त्यांना मी खोलीबाहेर व्हरांड्यात उभे केले होते. मी मुख्य खटक्याकडे वळले.

"तो नको," प्राचार्य म्हणाले. "सचिव म्हणतील, खटका तुमच्या हातातला होता. मंडळाची लाईट जाऊ द्या."

आम्ही वाट पाहू लागलो. नेहमीची वेळ झाली. पंखा फिरत होता. नागोराव मामा खिशावर हात ठेवून उभे होते. वेळ टळली, तरी पंखा फिरतच होता. इतकी वर्षे वीज गेली म्हणून चिडणारा वर्ग आता ती जात नाही म्हणून अस्वस्थ झाला होता.

अखेर मामांनी स्वतःच फोन लावला. "काय रे, काय करायलास? ... काय? मंत्री?" त्यांनी आमच्याकडे पाहिले. "विश्रामगृहावर मंत्री जेवायलेत म्हणे. ते गेल्याबिगर लाईट घालवायची नाही, वरून हुकूम आहे."

"म्हणावं त्यांना लवकर वाढा," प्राचार्य पुटपुटले.

"आरं, आमच्यापुरती तरी घालव की," मामा फोनमध्ये गयावया करत होते. "कॉलेजच्या लाईनीचा फीडर तेवढा ओढ. ... जमत नाही? मग काय कामाचा तू? बहीण दिली तुला आमची!"

फोन बंद झाला. व्यंकट म्हणाला, "सर, मंत्र्यांना ताक लवकर द्यायला सांगा." प्राचार्यांनी त्याला दटावले नाही. व्हरांड्यात मुजावर सर भिंतीला टेकून उभे होते. ते हसतही नव्हते आणि बसतही नव्हते. वीज गेली नाही तर निकाल नाही, आणि निकाल नाही तर उद्या सचिवांचा माणूस ठरल्याप्रमाणे येणार होता.

बऱ्याच वेळाने रस्त्यावरून गाड्यांचा ताफा भोंगे वाजवत गेला. पाठोपाठ मामांच्या खिशातला फोन एकदाच वाजून थांबला.

घंटा इतकी जोरात वाजली की शेजारच्या वर्गातली मुलेही बाहेर आली. बोटे धावली. या वेळी व्यंकटनेही साठवले. मी त्याला तशी सक्त ताकीद दिली होती. पंखा मंदावला, पडदे काळे झाले आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवत उभा राहिला. वीज गेली म्हणून आनंदाने ओरडणारी माणसे त्या गावाने पहिल्यांदाच पाहिली असावीत. खिडकीशी जमलेल्यांना वाटले, क्रिकेटचा सामना जिंकला.

वीज परत येईपर्यंत कोणी घरी गेले नाही. ती आली तेव्हा मशीन एकेक करून सुरू केली. मी फाईली उघडत गेले आणि फळ्यावर शाबूत किंवा कोरी असे लिहीत गेले. सगळी मशीन झाल्यावर मुजावर सरांना आत बोलावले आणि दुरुस्ती कोणत्या मशीनवर आहे ते सांगायला लावले. त्यांनी एकेका मशीनवर हात ठेवला. ज्यावर हात ठेवला ते प्रत्येक शाबूत होते. ज्याला वगळले ते प्रत्येक कोरे होते. शिवकन्येचे मशीन दुरुस्त केलेल्यांपैकी होते. घंटा होता होता लिहिलेली तिची शेवटची ओळ पूर्णविरामासह जागेवर होती.

मी समाधानाने खडू खाली ठेवला. मला वाटले, काम संपले. प्राचार्य व्यवहार अधिक जाणत होते.

"मला पटलं," ते म्हणाले. "पण सचिव म्हणतील, हे तुम्ही घरगुती ठिगळ लावलंय. मूळ लोकांनी ही दुरुस्ती स्वीकारली तरच त्यांच्याशी बोलण्यात अर्थ आहे. उद्याच्या माणसाला मी आठवडाभर थांबवतो. तोपर्यंत लॅबला कुलूप."

मुजावर सरांनी निकाल कळवला. पुढचा आठवडा ते गणिताच्या विभागात बसून होते. त्यांचे डबा खाण्याकडे लक्ष नसे. मी त्यांना सांगितले की निकाल पक्का असेल तर तो कोणाच्या मान्यतेसाठी थांबत नाही. ते म्हणाले, "निकाल थांबत नाही, मॅडम, पण सचिवांचा माणूस येतो."

मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी प्राचार्यांकडून कुलूप उघडून घेतले. मशीन सुरू होताच पडद्यावर सूचना आली: नवे बदल उपलब्ध आहेत. खाली बदलांची माहिती इंग्रजीत होती. शिवकन्येने एकेक शब्द जोडत वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मुजावर सरांनी पुढे होऊन वाचले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचले. मग ते मराठीत म्हणाले, "वीज जाण्याच्या क्षणी साठवलेल्या फाईली आता नष्ट होणार नाहीत. चूक शोधणारे आणि दुरुस्तीची खात्री करणारे..." आणि पुढे आमच्या महाविद्यालयाचे नाव होते.

प्राचार्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "हे आपल्याच मशीनवर दिसायलंय का?"

"नाही सर. जिथं जिथं ही चाचणी आवृत्ती आहे, तिथं सगळीकडं."

"मुंबईत?"

"हो."

"पुण्यात सुद्धा?"

"पुण्यात सुद्धा, सर."

प्राचार्यांनी तिथेच फोन काढून सचिवांना लावला. "साहेब, उद्या माणूस पाठवू नका. ... नाही, पुसायचं नाही. ... अहो, पुसायचं कसं? त्यात आपल्या कॉलेजचं नाव आहे! ... मुजावर? मुजावर कुठं जायलेत? लॅब त्यांचीच आहे."

फोन खिशात गेला तरी पडद्यावरचा प्रश्न तसाच होता: बदल आता घ्यायचे का? मुजावर सरांनी माउस शिवकन्येकडे सरकवला.

"दाब," ते म्हणाले.

तिने 'होय' वर दाबले.